मांजरीच्या ट्रेचा पिवळा थर शेवटी कशानं निघाला

मांजरीच्या ट्रेच्या तळाला आणि खास करून कोपऱ्यात जो पिवळट तपकिरी थर बसतो ना, तो मळ नसतोच, तो दगड असतो. पहिलेच सांगून टाकते, कारण जो तो साबण, ब्रश आणि जोर याच्याच मागे लागतो, ट्रे घासून घासून त्याची पार वाट लागते आणि थर तिथल्या तिथंच.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथं मांजरीसाठी ट्रे हा प्रकारच नाही. मांजरी सांदवाडीत नाहीतर वावरात जातात, पंजानं उकरतात, वरून माती लोटतात, संपला विषय. पण आमच्या चिंगीला रस्त्यावर गाडीचा धक्का लागला आणि मागच्या पायाचं हाड मोडलं. तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले उड्या मारू देऊ नका, एका खोलीत बंद ठेवा, जुळून येईल. आता बंद ठेवायचं तर तिला करायला जागा पाहिजे. मोठी ताई अमरावतीला राहते, तिच्याकडे बोका आहे, तिनं नवीन ट्रे घेतला होता तर जुना तिनं आमच्याकडे पाठवून दिला.

ट्रे चांगला जाड, निळा, कुठं तडा नाही. पण आत पाहिलं तर तळाच्या पन्हाळ्यांमधे तपकिरी रंग, कोपऱ्यात त्याच्यावर पांढुरका पापुद्रा, नखानं खाजवलं तर खरखर लागे पण सुटत नव्हतं. आणि एक गोष्ट लक्षात आली, कोरडा असला की वास जवळजवळ नाही, पण पाणी लागलं की असा भपकारा की डोळ्यात पाणी. ताईचा बोका तेव्हा नसबंदी न केलेला होता आणि अशा बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा गंधकवाला पदार्थ जास्त असतो, तो फुटला की बोक्याचा तो उग्र वास येतो. त्यात मांजरीची जात मुळात कोरड्या वाळवंटी भागातली, पाणी कमी पिणारी, म्हणून लघवी घट्ट. आपल्याकडे उन्हाळ्यात तर विचारूच नका.

पहिलं काम साधंच केलं. सगळं झटकून, भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुतला. वरवरचा चिकटपणा गेला, ते गरजेचंच आहे कारण तेलकट थर राहिला तर पुढचं काही आत शिरत नाही. पण डाग जसेच्या तसे.

मग घरात सल्ले सुरू झाले. आजी म्हणाली, "अवं राखेनं घास ना, पितळेचे गंज-भांडे कशानं चकचक करत होतो आम्ही?" आजीची राख भांड्याच्या करपलेल्या बुडाला, तेलकटाला एकदम बरोबर आहे, पण इथं दोन अडचणी. एक म्हणजे राखेत खरखरीत कण असतात, प्लास्टिकवर बारीक बारीक ओरखडे पडतात आणि एकदा ओरखडा पडला की पुढची लघवी त्या ओरखड्यात जाऊन बसते, म्हणून तारेची घासणी तर अजिबातच नाही. दुसरं म्हणजे राख खारट जातीची, अल्कली, आणि तो थर पण त्याच जातीचा, अल्कलीनं अल्कली विरघळत नाही. उलट लघवीत राख पडली की अमोनियाचा वास जास्त उठतो. अमेरिकेत एडवर्ड लोव नावाच्या माणसानं १९४७ मधे मांजरीसाठी वाळकी चिकणमाती विकायला सुरुवात केली, त्याची सुरुवातच अशी सांगतात की त्याच्या शेजारणीची मांजर राखेच्या डब्यात करायची आणि राखेनं भरलेले पाय घेऊन घरभर काळे ठसे उमटवायची. म्हणजे राखेचा हा ताप सगळीकडचाच आहे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आमच्या काळात मांजर घरात हागतच नव्हती," ते पण खरंच आहे.

शेजारच्या काकू आल्या, त्यांच्याजवळ टीसीएल पावडर होती, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती. त्या म्हणाल्या, "हे टाक, एका मिनिटात पांढरं फक्क." मी हात जोडून नाही म्हटलं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, त्याच्यात क्लोरीन, आणि ट्रेमधे लघवीचा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की क्लोरामाइन नावाचा वायू निघतो, छातीत जळजळ, खोकला, बंद न्हाणीत तर फार धोक्याचं. आणि ब्लीच टाकून नाही निघालं म्हणून लोक वरून संडासाचं अॅसिड ओततात, तेव्हा सरळ क्लोरीन वायूच निघतो. हे मी कळकळीनं सांगून राहिली, कारण आपल्या न्हाण्या लहान, एक वितभर खिडकी, आणि साफसफाई करणारी बाई दार लावून बसते. आणि एवढं करून ब्लीचनं काय होतं तर फक्त रंग उडतो, दगड तसाच राहतो, पांढरा दगड. वास चार दिवसांनी परत.

माय म्हणाली फिनाईल टाकून ठेव रात्रभर. फिनाईलचं तर मांजरीच्या घरात नावच नको. मांजरीच्या लिव्हरमधे फिनॉल जातीचे पदार्थ पचवून बाहेर टाकायची जी यंत्रणा लागते ती फार कमी असते. आपण किंवा कुत्रं सहन करून घेतो ते मांजर करू शकत नाही. ट्रेमधे राहिलेलं फिनाईल पंजाला लागतं, पंजा ती चाटते, गेलं पोटात. आंघोळीच्या पाण्यात टाकतो ते पिवळं जंतुनाशक, त्यातलं क्लोरोझायलेनॉल पण त्याच खानदानातलं. चिंगी आधीच औषधावर होती, तिच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकलं नसतं.

आता खरी गोष्ट. दादा संध्याकाळी वावरातून आला, हातपाय धुवायला न्हाणीत गेला, मी ट्रे तिथंच उन्हाकडे धरून पाहून राहिली होती. तो म्हणाला, "काय पाहून रायली एवढं? हे तर रॉडवरचं हाय." आणि त्यानं खुंटीवरचा पाणी तापवायचा हीटरचा रॉड काढून ट्रेच्या बाजूला धरला. रॉडवर जो पांढरा पापुद्रा चढतो, कुलरच्या टाकीत आणि जाळीवर जो बसतो, तोच कोपऱ्यातला पापुद्रा, फक्त पिवळा झालेला. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं ते वेगळं भरून ठेवतो. बादल्या, कुलर, रॉड, सगळ्यावर क्षार. आणि लघवीचं पण तेच होतं. लघवीत युरिया असतो, त्याच्यावर जिवाणू काम करतात, युरिया फुटून अमोनिया होतो, अमोनियानं सगळं अल्कली होतं, आणि अल्कलीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट हे विरघळून राहू शकत नाहीत, ते तळाला जाऊन चिकटतात. त्या दगडाच्या भेगांमधे लघवीचा रंग, युरिक अॅसिडचे खडे आणि वासाचे पदार्थ अडकून बसतात, म्हणून ओलं झालं की भपकारा. ट्रे जर खाऱ्याच पाण्यानं धुतला तर आपण वरून अजून क्षार घालतो.

मग दगड कशानं विरघळतो तर आंबटानं. रॉड आम्ही चिंचेच्या कोळानं साफ करतो, पितळ पण त्यानंच. पण चिंच ट्रेला नको वाटली, तिचा स्वतःचाच तपकिरी रंग, डाग गेला की नाही ते कळणार नाही. निंबू चांगलं पण ट्रेभर निंबू पिळायचे तर किती लागतील, आणि सालीतल्या तेलाचा वास मांजरीला आवडत नाही. व्हिनेगर चालतं, पांढरं साधं, गावात किराण्यात मिळेल याचा भरवसा नाही. शेवटी निंबूसत आणलं, म्हणजे सायट्रिक अॅसिड, साखरेसारखे पांढरे खडे, ढोकळ्यात आणि सरबतात टाकतात ते. पुडी स्वस्त, वास शून्य. दगडातल्या कॅल्शियमला ते धरून पाण्यात नेतं म्हणून नुसत्या आंबटपणापेक्षा जास्त काम करतं.

प्रमाण असं घेतलं, एक लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे निंबूसत. पाणी नळाचं, बोअरचं नाही, कारण खाऱ्या पाण्यातले क्षारच थोडं अॅसिड खाऊन टाकतात. उकळतं पाणी पातळ ट्रेला वाकवतं म्हणून हाताला सोसेल इतकंच गरम. तळ बुडेल एवढं ओतलं. आणि मी तिथंच बसून राहिली, कारण मला पाहायचंच होतं. आधी काहीच नाही. मग कोपऱ्यात पांढऱ्या पापुद्र्याच्या कडेला मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे, एक एक सुटून वर येऊन राहिले, मधेच थांबत, मग दुसऱ्या जागी सुरू. तो कार्बोनेटचा भाग, आंबट लागलं की त्याचा वायू होतो. जिथं बुडबुडे नाहीत तिथं काही होत नाही असं समजू नका, फॉस्फेटवाला थर गुपचूप विरघळतो, त्याला वेळ लागतो. रात्रभर ठेवलं, वरून जुनं पोतं झाकलं.

उभ्या भिंतीचं काय करायचं, तिथं पाणी टिकत नाही. त्यासाठी जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, त्याच पाण्यात भिजवल्या आणि भिंतीला आतून चिकटवून दिल्या, वाळायला लागल्या की परत वरून पाणी शिंपडायचं. या पट्ट्यांनीच खरं काम केलं, जिथं बोका शेपटी वर करून लघवीची धार मारतो ती वरची पट्टी तर फक्त अशीच निघाली.

सकाळी पाहिलं तर पाणी चहाच्या गाळासारखं तपकिरी आणि कोपऱ्यातला थर मऊ. जुन्या बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूच लोटलं तर सलग पापुद्रा निघून आला, खाली निळं प्लास्टिक. मी मायला आवाज देऊन दाखवलं. पन्हाळ्यांमधे कार्ड जात नाही, तिथं जुना दात घासायचा ब्रश, जोर न लावता. जिथं थर जाड होता तिथं परत ताजं पाणी करून परत ठेवलं, कारण जुन्या पाण्यातलं अॅसिड संपलेलं असतं, त्यातच अजून दोन दिवस ठेवून काही फायदा नाही.

इथं एक सांगते. सगळे सांगतात खायचा सोडा टाका आणि वरून व्हिनेगर ओता, भस्सकन फेस येतो आणि डाग गायब. फेस येतो हे खरं, पण तो दोघांनी एकमेकाला मारून टाकल्याचा फेस आहे. आंबट सोड्यात खर्च झालं, दगडासाठी उरलंच नाही. सोडा वापरायचाच तर आंबटाचं काम झाल्यावर, धुऊन, वेगळा, थोड्या पाण्यात कालवून वास ओढायला लावा.

दगड गेला तरी मधे फिका पिवळा रंग राहिला, तो प्लास्टिकनं पिऊन घेतलेला. त्याच्यासाठी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईड आणलं, जखमेला लावायचं, २० व्हॉल्यूमवालं. ते साधारण ६ टक्के असतं, त्यात तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्के. आधी ट्रे भरपूर पाण्यानं धुतला, निंबूसत बिलकुल राहू दिलं नाही, मग पेरॉक्साईडच्या पट्ट्या डागावर ठेवल्या आणि अंगणात उन्हात ठेवून दिला, हाताला मोजे घालून बरं का, नाहीतर बोटं पांढरी पडतात आणि चुरचुरतात. पेरॉक्साईड रंग फोडतं आणि वासाच्या पदार्थांवर पण काम करतं आणि शेवटी त्याचं पाणी आणि ऑक्सिजनच होतो, मांजरीसाठी मागे विषारी काही राहत नाही. पट्ट्या काढल्या तेव्हा रंग बराच उतरला होता. पण ट्रे रोज रोज उन्हात टाकायचा नाही, आपल्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं.

संत्र्याच्या बायोएन्झाइमचं पण विचारतात लोक. आमची मामी वरूडकडची, तिथं संत्रा पट्टा, तिच्याकडे सालीचे डबे भरलेलेच असतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवायचं. फरशीला, बेसिनला ते फार छान आहे, मी स्वतः वापरते. पण मांजरीच्या ट्रेला नाही लावलं. संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचं तेल असतं, ते मांजरीला बाधतं, आणि वासानंच ती ट्रेकडे फिरकत नाही. मग ती बिछान्यावर करते आणि आपण तिला रागावतो. बाजारात मांजरीच्या लघवीसाठी खास एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, युरिक अॅसिड तोडणारं, ते चांगलंच आहे, मिळालं तर जरूर घ्या, पण दगड आधी काढावाच लागतो, नाहीतर एन्झाइम आत पोचत नाही.

हे सगळं मी करून राहिली होती त्याचं अजून एक कारण होतं, वहिनी पोटुशी आहे. मांजरीच्या शीमधून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, पोटातल्या बाळाला त्यापासून धोका असतो, म्हणून गरोदर बाईनं ट्रेला हातच लावू नये, घरात दुसरं कोणीच नसेल तर मोजे घालून आणि नंतर साबणानं हात धुऊन. मांजर उंदीर खाते, कच्चं मांस खाते, तिथून तिला तो लागतो, आणि आमच्या चिंगीचं कामच कुटाराच्या खोलीतले उंदीर. त्यात एक गोष्ट सोयीची आहे, शी पडल्या पडल्या ती लागण करत नाही, त्याला कमीत कमी एक दिवस, कधी पाच दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज काढली तर धोका बराच कमी. आणि ब्लीच किंवा साध्या जंतुनाशकानं त्या परजीवीची शीतली अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्यानं मरतात. आमचा ट्रे जाड होता म्हणून शेवटी एक उकळत्या पाण्याचा हात देता आला. आणि ट्रेतली माती वांग्याच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकू नका. मी उकिरड्यापासून दूर एक खोल खड्डा केला, तिथं टाकते आणि माती लोटते. वहिनीला कोणी मांजर सोडून द्या म्हटलं होतं, तर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं सोडायची गरज नाही, ट्रे दुसऱ्यानं साफ करा एवढंच.

ट्रेमधे भरायचं काय, याच्यावर बाबा म्हणाले काळी माती टाक, आपल्या वावरात का कमी आहे. बाबांचं चुकीचं नव्हतं. बाजारात गोळा होणारं जे बेन्टोनाइट मिळतं त्यातलं मुख्य खनिज आणि आपल्या काळ्या मातीतली पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती एकाच घराण्यातली. पण वावरातली माती ओली झाली की तळाला असं धरते की खरवडल्याशिवाय सुटत नाही आणि खरवडलं की ओरखडे. नुसती रेती टाकली तर लघवी सरळ खाली जाते आणि तळाला साचते, म्हणजे दगडाची पुन्हा तयारी. शेवटी आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आणला, जाडसर, धुळीचा चाळून काढला, साग आणि कडुनिंबाचाच मागितला कारण रंधलेल्या प्लायवूडच्या भुशात गोंद असतो. तळाला चांगला चार बोटं थर दिला, लघवी वरच शोषली जाते, तळापर्यंत उतरत नाही. ओला झालेला भाग रोज काढायचा, पूर्ण भुसा आठवड्याला बदलायचा, आणि बदलताना निंबूसताचं पाणी पंधरावीस मिनिटं ठेवून नळाच्या पाण्यानं खंगाळून फडक्यानं कोरडा पुसायचा. तसा ठेवला तर थर धरतच नाही.

चिंगीनं पहिल्या दिवशी ट्रे हुंगला, बाहेर आली, परत गेली, उकरलं आणि बसली. तिचा पाय आता जुळला, थोडी लंगडते पण कवेलूवर चढते, दिवसा बाहेर जाते आणि रात्री मात्र ट्रेच वापरते.

एका कोपऱ्यात अजून नखाएवढा फिका डाग आहे. तो गेला की नाही यापेक्षा वास आहे की नाही ते पाहते, त्यासाठी गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागी थोडा वेळ दाबून ठेवते आणि मग नाकाशी नेते, काही आलं नाही तर मी त्याला हात लावत नाही. दुसरा ट्रे पाहिजे होता तर दर्यापूरच्या बाजारातून साधा कपडे धुवायचा पसरट टब आणला, पाहून आणला, कोपरे गोल, तळ सपाट, आत पन्हाळ्या नाहीत, म्हणजे थर बसायला खाचच नाही. समोरची एक बाजू दादानं पात्यानं कापून खाली केली, चिंगीला लंगड्या पायानं चढता यावं म्हणून, आणि कापलेल्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिरून बसवली.